जाणारी तार आणि परत येणारी तार



वसंतातल्या या व्यासपीठावर युनियनच्या माणसाला बोलावले म्हणजे तो महागाईभत्त्यावर किंवा संपावर बोलणार, अशी आपली समजूत असणार. आज त्यांतले काहीच नाही. आज मला एक सेल, विजेरीचा एक बल्ब आणि वीतभर तार यांविषयी बोलावयाचे आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी कामगारांच्या मुलामुलींचा वर्ग भरतो. आठवी ते दहावीची पंधरावीस मुले येतात. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही आले, ते कारखान्यातल्या वायरमन मिस्त्रींच्या हाताखाली आणि जुन्या बाजारातली पुस्तके रात्री वाचून. तेव्हा मी येथे शास्त्रज्ञाच्या अधिकाराने उभा नाही. वीज शिकताना मुले कोठे अडखळतात, आणि ते अडखळणे तसेच राहिले तर मोठेपणी त्याचे काय होते, एवढे मात्र मी जवळून पाहिले आहे.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर काही लिहीत नाही. प्रत्येक दोघांत एक सेल, होल्डरशिवाय एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा देतो, आणि ‘लावा दिवा’ म्हणून सांगतो. मुले हसतात, त्यांना हे पोरकट वाटते. मग पाच मिनिटे जातात, दहा जातात, आणि दिवा काही लागत नाही. बहुतेक मुले तारेचे एक टोक सेलच्या टोपीला लावतात, दुसरे बल्बच्या बुडाला, आणि वाट पाहतात. सेलचे दुसरे टोक मोकळेच! त्यांच्या मते वीज सेलमधून निघाली, तारेतून बल्बात गेली, आणि तेथे तिचा उजेड झाला. झाले काम.

यात मुलांचा दोष मला दिसत नाही. ती घरी काय पाहतात? पंख्याला वायर एक, इस्त्रीला वायर एक, मोबाईलच्या चार्जरला वायर एक. त्या एका वेष्टणात दोन तारा आहेत, एक जाणारी आणि एक येणारी, हे त्यांना कोणी सोलून दाखवलेलेच नसते. नळाची तोटी सोडली की पाणी बादलीत पडते, तशीच वीज दिव्यात पडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. मोठ्यांचीही तीच गत. १९९७ साली अमेरिकेत ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ नावाचा एक माहितीपट निघाला. त्यात पदवीदान समारंभाच्या झग्यातच असलेल्या एमआयटीच्या पदवीधरांपुढे हेच सामान ठेवले होते: सेल, बल्ब, तार. मोठ्या आत्मविश्वासाने हातात घेऊनही कित्येकांना तो दिवा लावता आला नाही. हे मी वर्गात सांगतो तेव्हा आमच्या मुलांचे चेहरे सेलशिवायच उजळतात.

अखेर कोणाच्या तरी हाती दिवा लागतोच. मग आम्ही जुना बल्ब फडक्यात धरून फोडतो आणि आत पाहतो. आतल्या बारीक तारेचे, म्हणजे फिलामेंटचे, एक टोक बुडाच्या ठिपक्याला जोडलेले असते आणि दुसरे बाजूच्या पितळी कडेला. बल्बला दोन दारे आहेत. एकाने आत यायचे, दुसऱ्याने बाहेर पडायचे. सेललाही दोन, बटणालाही दोन. ज्याला दोन दारे नाहीत, ते परिपथात बसूच शकत नाही. शाळेच्या पुस्तकात ‘परिपथ’ हा शब्द असतो आणि मुले त्याची व्याख्या घडाघड म्हणून दाखवतात. परंतु बल्ब फोडून पाहीपर्यंत तो शब्द पोपटाचाच राहतो.

दुसऱ्या रविवारी दुसरा प्रश्न. दोन सेल, आणि दोन सारखे बल्ब एकामागे एक, म्हणजे एकसर जोडणीत. कळ दाबण्यापूर्वी मी हात वर करावयास सांगतो. कोणता दिवा जास्त उजळेल? बहुमत नेहमी एकच असते. पहिला जास्त उजळेल. कारण पहिल्याने आपला वाटा खाल्ला की उरलेली वीज दुसऱ्याला. कळ दाबली की दोन्ही सारखेच मंद लागतात. मी मुलांना सांगतो, आमच्या युनियनमध्ये सगळे बहुमताने ठरते, पण येथे बहुमताचा ठराव चालत नाही. तरीही काहींचे समाधान होत नाही. एखादी मुलगी म्हणते, ‘काका, डोळ्याला फरक कळत नसेल.’ हा उत्तम प्रश्न आहे. मग मीटर आणतो. पहिल्या बल्बच्या अलीकडे प्रवाह मोजायचा, दोन बल्बांच्या मध्ये मोजायचा आणि दुसऱ्याच्या पलीकडे मोजायचा. तिन्ही ठिकाणी काटा एकाच आकड्यावर. जेवढी वीज गेली, तेवढीच परत आली.

मग खर्च काय झाले? सेल तर काही तासांनी बसतो. येथे बहुतेक पुस्तके पाण्याच्या नळीचा दाखला देतात. मला तो पुरता पटत नाही, कारण नळी कापली तर पाणी सांडते. तार कापली तर वीज सांडत नाही, जागच्या जागी थांबते. मी पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा दाखला देतो. मोटरच्या चाकावरून निघालेला पट्टा जात्याच्या चाकावर जातो आणि परत येतो. जाते काय पट्टा खाते? जेवढा पट्टा गेला तेवढाच आला. परंतु मोटरने लावलेला जोर जात्याशी खर्च झाला आणि त्याचे पीठ झाले. सेल ही मोटर, बल्ब हे जाते, आणि तारेतले विद्युतकण हा पट्टा. पट्टा कोठेही तुटला की सारेच थांबते. परतीच्या बाजूला तुटला तरी.

याच पट्ट्याने दुसरेही एक कोडे सुटते. कळ दाबल्याबरोबर दिवा लागतो, म्हणजे वीज फार वेगाने धावत असली पाहिजे, असे आपण समजतो. वस्तुतः साध्या तारेतले विद्युतकण सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाहीत. मुंगी त्यांना सहज मागे टाकील. पण पट्टा आधीच सर्वत्र पसरलेला आहे. मोटर फिरली की पट्टा सगळीकडे एकदमच हलतो. घरातल्या विजेत तर हा पट्टा पुढे जातच नाही. सेकंदाला पन्नास वेळा नुसता मागेपुढे होतो. करवतही मागेपुढेच होते, आणि लाकूड तरीही कापले जाते.

आता दोन बल्ब एकामागे एक न ठेवता शेजारी शेजारी, समांतर जोडले तर? मुले पुन्हा म्हणतात, दोघांत वाटणी होईल आणि दोन्ही मंद लागतील. त्यांच्या मनात सेल हा ठराविक शिधा देणारा रेशन दुकानदार असतो. प्रत्यक्षात दोन्ही बल्ब पूर्ण उजळतात, आणि सेलमधून निघणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. व्याख्यान संपल्यावर या मंडपाचे एकच दार उघडले तर मिनिटाला जेवढे लोक बाहेर पडतील, त्याच्या दुप्पट दोन दारांतून पडतील. दारे वाढली की अडथळा घटतो. एकसर जोडणी म्हणजे एकापुढे एक दोन दारे, समांतर जोडणी म्हणजे शेजारी शेजारी दोन. घरातले सारे दिवे आणि पंखे समांतर असतात. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा विझवला तरी माजघरातला विझत नाही. आणि म्हणूनच एका एक्स्टेन्शन बोर्डावर हजार वॅटची इस्त्री आणि दोन हजार वॅटचा हीटर लावला की दोघांचा प्रवाह एकाच दोरीएवढ्या वायरवर येतो. २३० व्होल्टला इस्त्रीचे ४.३ अँपियर, हीटरचे ८.७, बेरीज १३. ती वायर सहा अँपियरची असेल तर तापणारच.

या सगळ्याचा हिशेब ज्याने बसवला, त्या माणसाविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. गेऑर्ग ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगन गावी जन्मला. त्याचा बाप कुलपे बनवणारा कारागीर. शाळा फारशी न पाहिलेल्या या कारागिराने स्वतःच्या बळावर गणित आणि शास्त्र वाचले आणि आपल्या मुलांना स्वतःच शिकवले. ओहम पुढे कोलोनच्या शाळेत मास्तर झाला आणि १८२५-२६ मध्ये त्याने आपले प्रयोग केले. त्याची अडचण आमच्या वर्गासारखीच होती, सेल बसत जायचा. मोजमाप चालू असतानाच जोर कमी होई आणि आकडे जुळत नसत. तेव्हा त्याने तांबे आणि बिस्मथ या धातूंची जोडणी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. त्यातून अगदी थोडा, पण स्थिर जोर मिळाला. मग एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक लावून चुंबकसुई किती वळते हे तो मोजत गेला. १८२७ साली पुस्तक निघाले. मायदेशात त्याचे थंडे स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपले पदक दिले ते १८४१ साली. आज त्याचे नाव अडथळ्याच्या मापाला आहे: एक व्होल्टचा जोर आणि एक अँपियरचा प्रवाह असेल, तर अडथळा एक ओहम. कुलुपवाल्या बापाला हे पाहावयास मिळाले नाही.

मुलांना येथे एक गंमत दाखवण्यासारखी आहे. विजेरीच्या बल्बवर २.५ व्होल्ट, ०.३ अँपियर असे लिहिलेले असते. भागाकार केला तर आठ ओहमच्या थोडे वर. पण तोच थंड बल्ब मीटरला लावला तर जेमतेम एखाददुसरा ओहम दिसतो! मुले म्हणतात, ओहम चुकला. ओहम चुकलेला नाही. तापलेल्या धातूचा अडथळा वाढतो. म्हणूनच हे नियम शिकवताना तापमान तेच ठेवण्याची अट मोठ्याने म्हणावी, कंसात पुटपुटू नये. जाता जाता शिक्षक बंधूंना एक सूचना. आता बाजारात फिलामेंटचे छोटे बल्ब दुर्मीळ होत चालले आहेत आणि सगळीकडे एलईडी मिळतात. एलईडीने हे धडे शिकवू नयेत. तो एकाच दिशेने लावला तर लागतो, आणि एका सेलवर पांढरा एलईडी लागतही नाही. मुलांचा गोंधळ होतो. बल्ब आधी, एलईडी मागाहून.

इथवर सारा खेळ होता. आता ज्यासाठी मी हा वर्ग चालवतो, ती गोष्ट सांगतो.

१९९४ साली मी एका कारखान्यात हेल्परचा वायरमन झालो होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. पावसाळ्याचे दिवस, शेडमध्ये ओल. आमच्याबरोबरचा एकोणीस वर्षांचा एक पोरगा गेलेला बल्ब बदलावयास लोखंडी शिडीवर चढला. चढण्यापूर्वी त्याने बटण बंद केले. हे मी स्वतः पाहिले. तरीही होल्डरला हात लागताच तो चिकटला, आणि खाली आला तेव्हा संपलेला होता. चौकशी झाली. कागदावर लिहिले गेले, ‘कामगाराने बटण बंद न करता काम केले, निष्काळजीपणा.’ मी ओरडून सांगत होतो की बटण बंद होते. साहेब शांतपणे म्हणाले, ‘बटण बंद असेल तर वीज कोठून आली?’ आणि मित्रहो, मला उत्तर देता आले नाही. सहा वर्षे वायरी ओढल्या होत्या, पण मला उत्तर देता आले नाही.

उत्तर मिस्त्रींनी दिले, दुसऱ्या दिवशी, पंचनामा संपल्यावर. त्यांनी बोर्ड उघडून दाखवला. बटण परतीच्या तारेत, न्यूट्रलमध्ये, बसवलेले होते. फेज सरळ होल्डरमध्ये गेली होती.

हे वर्गात आम्ही तीन व्होल्टवर करून पाहतो. दोन सेल, एक बल्ब, एक बटण. बटण उघडे ठेवायचे, म्हणजे दिवा बंद. आता मी विचारतो, व्होल्टमीटर बटणाच्या दोन टोकांना लावला तर किती दाखवील? आणि बल्बच्या दोन टोकांना लावला तर? जवळजवळ सगळी मुले सांगतात, बटणावर शून्य, कारण तेथे वीज चालूच नाही; बल्बवर थोडे काही असेल. मीटर उलटे सांगतो. बल्बवर शून्य. उघड्या बटणाच्या फटीवर पूर्ण तीन व्होल्ट. पट्टा थांबलेला आहे, पण मोटर त्याला ओढतेच आहे, आणि तो सगळा ताण जेथे पट्टा अडवला आहे तेथे येऊन बसला आहे. प्रवाह शून्य म्हणजे जोर शून्य नव्हे. संपूर्ण विद्युतशास्त्रात ज्याच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे असे एक वाक्य निवडा म्हटले, तर मी हेच निवडीन. नंतर त्या फटीवर आम्ही दुसरा बल्ब टेकवतो, आणि तो लागतो. फटीवर जो आडवा येईल, त्याच्यातून पट्टा फिरू लागतो.

त्या पोराच्या बाबतीत हा आडवा आलेला बल्ब म्हणजे तो स्वतः. मुले येथे हमखास विचारतात, ‘पण काका, त्याने तर एकाच तारेला हात लावला होता. दुसरी तार कोठे होती?’ दुसरी तार जमीन होती. रोहित्रापाशी न्यूट्रल तार जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेली असते. त्यामुळे सारी धरती ही एक परतीची तारच झालेली असते. ओली लादी, लोखंडी शिडी, हात. परिपथ पुरा झाला. बटण फेजमध्ये असते, तर बंद केल्यावर होल्डरपर्यंत जोर पोचलाच नसता. हे काही गुपित नव्हे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत न्यूट्रलमध्ये एकटे बटण किंवा फ्यूज बसवू नये असे स्पष्ट होते, आणि २०१० च्या नियमावलीतही ते आले. नियम कपाटात होता, बोर्ड भिंतीवर होता.

आणि फ्यूज का गेला नाही, असेही विचारले जाते. ओल्या माणसाच्या शरीराचा अडथळा हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले हजार, म्हणजे पाव अँपियरहूनही कमी. एवढा प्रवाह हृदयाची लय बिघडवावयास पुरून उरतो. पण पाच अँपियरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. माणसाचा राखणदार निराळा असतो. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहाची तो सतत तुलना करतो, आणि परत येणारा तीस मिलिअँपियरने कमी पडला की क्षणार्धात वीज तोडतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. ‘गेले तेवढे परत आले पाहिजे’ हा दुसऱ्या रविवारचा धडा ज्याला कळला आहे, त्याला हे यंत्र समजावयास दोन मिनिटे लागतात. दिव्यात वीज खर्च होते असे जो मानतो, त्याला ते कधीच समजणार नाही. कारण त्याच्या मते परतीला प्रवाह कमी येणारच!

मिस्त्रींकडून हे सारे मी तेव्हा समजून घेतले आणि चौकशीच्या दुसऱ्या तारखेला बोर्डाचा नकाशा काढून नेला. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्या पोराच्या नावापुढून खोडला गेला. त्याच्या आईला पैसे मिळाले. ते किती तुटपुंजे होते हे सांगत नाही.

घरी जाऊन लगेच बोर्ड उघडू नका, ही विनंती. वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून एवढेच पाहून घ्या: बटण बंद आहे, बल्ब काढलेला आहे, आणि होल्डरच्या कोणत्याही टोकाला टेस्टर लावला तरी तो पेटत नाही. पेटला तर बटण चुकीच्या तारेत आहे. त्याने कुरकुर केली तर त्याला दुसरा चहा पाजा, पण तार बदलून घ्या.

गेल्या महिन्यात वर्गात एका मुलाने जुना प्रश्न काढला, विजेच्या उघड्या तारेवर चिमणी बसते तिला काही कसे होत नाही? मी उत्तर देणार इतक्यात आठवीतली एक मुलगी उठली. तिने दोन सेल आणि बल्ब जोडून दिवा लावला. मग दुसरा बल्ब घेऊन त्याचे बूड आणि त्याची कडा, दोन्ही एकाच सोललेल्या तारेवर बोटभर अंतराने टेकवली. तो लागला नाही. ‘हे चिमणीचे दोन पाय,’ ती म्हणाली. नंतर त्याच बल्बची कडा तिने तारेवरून उचलली, वेगळ्या तारेने परतीच्या तारेला जोडली, आणि बल्ब लख्खकन लागला. ‘आणि ही खांबाला शेपूट लागलेली खार.’